पाटीला हात कोणी दिला

मणक्याचा क्षय झालेल्या बाईने पुढे काय करायचं, असं मला हल्ली आडून आडून विचारतात. सरळ कोणी विचारत नाही. सून किंवा लेक अंथरुणाला खिळली की घरची माणसं मासळी घ्यायच्या निमित्ताने येतात, बांगडे उलटसुलट करून बघतात आणि मग हळूच म्हणतात, आमच्याकडे पण तसंच झालंय. तसंच म्हणजे काय, ते मी मुद्दाम मोठ्याने सांगते. क्षय. मला झाला होता, पाठीच्या हाडाला, आणि तो बरा झाला. त्यानंतर मी काय केलं तेही सांगते, कारण गावात माझी जी गोष्ट फिरते तिच्यात मी देवाच्या कृपेने उठले असं आहे. देवाची कृपा असेल, मी नाकारत नाही. पण वाळू मी उचलली होती.

चौथीपर्यंत शिकले आहे. अक्षर बरं आहे, र्‍हस्व-दीर्घाचं मात्र काही खरं नाही.

आमची रीत

आमचं मालवणच्या किनाऱ्यावरचं होडीवाल्यांचं घर. पुरुष मासळी आणतात आणि आम्ही बायका ती पाटीत भरून, डोक्यावर घेऊन कट्टा गावच्या बाजारापर्यंत चालत जातो. चालत म्हणते, पण ते धावणंच. ऊन चढायच्या आत पोचलं नाही तर मासळीला कोणी विचारत नाही. एस.टी. सुरू झाली खरी, पण पाटी दिसली की कंडक्टर लगेच घंटी मारतो, त्यामुळे आमचे पाय काही सुटले नाहीत.

लग्न होऊन आले आणि दोन वर्षांच्या आत मी आमच्या वाडीतली सगळ्यात भारी पाटी नेणारी बाई झाले. हे मी फुशारकीनेच सांगते आहे. बाईने आपल्या ताकदीची फुशारकी मारू नये म्हणतात. पुरुष रापणीचं मोठं जाळं ओढून आले की आठवडाभर दुसरं काही बोलत नाहीत, त्यांना कोणी गप्प बसवत नाही.

भरलेली पाटी एकटीने डोक्यावर घ्यायची नाही, अशी आमच्यात रीत आहे. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, पाटीचा काठ धरतात, एक झोका देऊन वर उचलतात आणि जिची पाटी ती पटकन खाली शिरते. याला हात देणं म्हणतात. हात देणारीवर जबाबदारी असते. वाटेत कोणी घसरली, मान मुरगळली, पोटुशीचं काही बरंवाईट झालं, तर घरची माणसं पहिला प्रश्न विचारतात, पाटीला हात कोणी दिला. मला कायम रुक्मिणी हात द्यायची आणि मी तिला. ती माझी शेजारीण. आमची लग्नं एकाच वर्षातली.

पडले तो दिवस

दुखणं पाठीच्या मधोमध सुरू झालं. सासू रोज तेल चोळायची. रुक्मिणी म्हणाली, दिवस गेले असतील. मी म्हटलं, पाठीत? आम्ही दोघी खूप हसलो. पुढे पुढे अंगात कणकण राहायला लागली, जेवण जाईना, आणि खाली पडलेलं काही उचलायचं तर मी गुडघ्यावर हात टेकून, लहान पोर बसतं तशी बसायला लागले. तरी पाटी सोडली नाही. पाटी सोडायची असते हेच ठाऊक नव्हतं.

बाजाराच्या वाटेवर चढणीला छातीएवढ्या उंचीचा चिऱ्यांचा ओटा आहे. डोक्यावरचा भार न वाकता त्याच्यावर सरकवायचा, दम खायचा आणि तसाच परत डोक्यावर ओढून घ्यायचा, यासाठी जुन्या माणसांनी बांधलेला. त्या दिवशी मी पाटी ओट्यावर सरकवली आणि मग पाय माझे राहिलेच नाहीत. मी ओट्याला टेकून खाली बसले ती उठलेच नाही.

हात रुक्मिणीने दिला होता. संध्याकाळी माझी सासू तिच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिला नाही नाही ते बोलली. 

मी आडवी होते, बहिरी नव्हते

मला होडीच्या फळीवर घालून एस.टी.पर्यंत नेलं आणि फोंड्याच्या घाटाने वर, मोठ्या इस्पितळात. गाडीच्या प्रत्येक वळणावर सासू फळीला दोन्ही हातांनी धरून होती. 

डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि सगळं माझ्या नवऱ्याला सांगितलं. मी मध्ये आडवी होते आणि दोघं माझ्यावरून बोलत होते. क्षय आहे, एक हाड खचलं आहे, प्लास्टरमध्ये ठेवावं लागेल, सुया द्याव्या लागतील, वेळेवर आणलंत म्हणून चालेल तरी. मग म्हणाले, भार उचलणं मात्र आता विसरा. बाईमाणूस आहे, घरात बसून होईल तेवढं करील.

मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, बसून काय करू?"

त्यांनी उत्तर नवऱ्याला दिलं. म्हणाले, त्यांना समजावून सांगा.

मरणाची भीती वाटली का? वाटली. क्षय म्हटल्यावर आमच्या वाडीतली किती माणसं गेली ती सगळी डोळ्यांसमोर आली, आणि माझी मुलगी अजून नीट बोलतही नव्हती. पण त्या भीतीच्या खाली दुसरी एक होती आणि ती जास्त वाईट होती. आमच्याकडे कोपऱ्यात बसवून ठेवलेली एखादी बाई बऱ्याच घरांत असते. लसूण सोलते, पोरं सांभाळते, आणि घरात काही ठरवायचं असलं की तिला कोणी विचारत नाही. मला ती व्हायचं नव्हतं. भीतीने नाही, पण या विचाराने मी त्या दिवशी रडले.

प्लास्टरमध्ये

मानेपासून मांड्यांपर्यंत प्लास्टर. पालथ्या पडलेल्या कासवाला काय वाटत असेल ते मला कळलं. सकाळी अंग पुसणं, मग सुई, मग गोळ्या, मग पेज. शी-शू भांड्यात, आणि ते भांडं न्यायला कोणी येईपर्यंत वाट बघणं. याची लाज पहिल्यांदा खूप वाटते. नंतर वाटत नाही. तुमच्या घरी कोणी असं पडलं असेल तर तिला एवढं सांगा की नंतर वाटत नाही.

आत खाज सुटायची. रात्रपाळीची नर्स लोकर विणायची सुई घेऊन यायची आणि प्लास्टरच्या काठातून आत घालून हळूच खाजवायची. त्या बाईसाठी मी अजून देवाला नारळ ठेवते.

शेजारच्या खाटेवर वैभववाडीकडची सरस्वती होती, शेतकऱ्याची बायको, माझाच आजार. भाताचे भारे उचलणारी. आम्हाला हलू न देण्यासाठी अंगाच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावलेल्या असत. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, उंच, कडक, कधी न हसणाऱ्या. त्यांनी त्यातली एक पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, उचला. मी म्हटलं, मला उचलायला मनाई आहे. त्या म्हणाल्या, पाठीने मनाई आहे, हात काय पुजायला ठेवलेत?

ती पिशवी दोन शेरांचीही नसेल. ती छातीवरून वर नेताना माझे हात लटपटले. ज्या हातांनी मी भरली पाटी उचलायचे, ते हे. सरस्वती बघत होती. मी तिला म्हटलं, हसतेस काय, तू करून दाखव. तिने केलं. मग आमची चढाओढच लागली. बाईंनी लहान पिशव्या नेऊन मोठ्या आणल्या. मला गंमत वाटायची की जन्म वाळूत काढला आणि वाळूचं वजन इथे घाटावर येऊन कळलं.

मधल्या काळात एकदा सासू मुलीला घेऊन आली. प्लास्टर बघून मुलगी आजीच्या पदरात शिरली आणि शेवटपर्यंत बाहेर आली नाही. त्या दिवशी मी वाळूला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट लावला.

घरी आल्यावर

प्लास्टर काढून कातड्याचा पट्टा बांधून मला घरी पाठवलं, तेव्हा माझ्या मांड्या मनगटासारख्या झाल्या होत्या. घरी माझी ताटली वेगळी, पेला वेगळा. डॉक्टरांनी लेखी दिलं होतं की माझ्यापासून कोणाला काही होणार नाही, पण शेजारणी उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलायच्या. ताटलीवरून मी भांडले आणि जिंकले. मुलीला परत माझी व्हायला मात्र बरेच दिवस लागले, आणि ते भांडून झालं नाही.

घरातली दुसरी गोष्ट मला पहाटे दिसली. सासू उठली, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि माझी पाटी घेऊन किनाऱ्यावर गेली. मी इस्पितळात गेल्यापासून ती माझ्या जागी बाजाराला जात होती. तिचे गुडघे कधीच गेलेले. परत आली की पायरीवर बसून ते दाबत राहायची, आणि मी बघितलं तर थांबायची.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय. पण पाठीचे, मांड्यांचे स्नायू मेल्यासारखे झालेत, ते उठवल्याशिवाय भार उचलायचा नाही. या बोलण्यातलं दुसरं अर्धं माझ्या घरच्यांनी लक्षात ठेवलं. मी पहिलं ठेवलं.

त्याच सुमाराला त्या बाजूच्या एका ओळखीच्या माणसाकडून सरस्वतीची हकीकत कळली. बरी होती, पण घरच्यांनी मायेने तिला बसवलं ते बसवलंच. आता आधाराशिवाय उठताही येत नव्हतं. वाळूच्या पिशवीत मला हरवणारी बाई.

मी दुसऱ्या दिवशी पट्टा घट्ट बांधून किनाऱ्यावर गेले, अर्धीच पाटी भरून घेतली आणि रुक्मिणीसमोर उभी राहिले. तिने हात मागे घेतले.

"माका सांगा नको, शेवंते," ती म्हणाली. "तुझ्या सासयेन माका देवळाच्या पायरेर उभी करून शपथ घातल्यान आसा. परत हात दिलंय आणि तुका काय झाला, तर मी या वाडयेत तोंड खंय दाखवू?"

सासूने नुसतं तिलाच नाही, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बायकांना, होडीवरच्या पुरुषांना, माझ्या नवऱ्यालाही. कोणी हात द्यायचा नाही. हात नाही तर पाटी डोक्यावर चढत नाही. किती सोपं. मी अर्धी पाटी वाळूत ठेवून उभी होते आणि सगळी जणं दुसरीकडे बघत होती.

घरी येऊन मी सासूशी कडकडून भांडले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "एकदा तुका फळयेर घालून न्हेला. परत न्हेवची ताकद माझ्यात नाय आसा, गो."

 मला तिचा राग आला आणि तिची मायाही आली, दोन्ही एकदम. पण ऐकलं मी माझंच.

मांगरात

पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात आणि घरामागच्या मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपीत, जाळी, वल्ही, नांगराचे दगड पडलेले असतात. तिकडे कोणी फिरकत नाही. मी तिथे जायला लागले.

सुरुवातीला नुसतं उकिडवं बसायचं आणि उठायचं, खांबाला धरून. मग न धरता. मग तिथलीच एक जुनी रिकामी पाटी घेऊन. मग पाटीत नारळ, आज चार तर आठवड्याने पाच. इस्पितळातल्या बाईंचं एक वाक्य डोक्यात पक्कं होतं, पाठ ताठ आणि काम मांड्यांना. आम्ही पोरीबाळी जन्मभर पाठीतून वाकून उचलतो. मला ते मोडून नवीन शिकायचं होतं. जमिनीवरून मांडीवर, मांडीवरून छातीवर, छातीवरून डोक्यावर. मांडीपर्यंत लवकर जमलं. छातीवरून डोक्यावर न्यायचं काही केल्या जमेना. पाटी नाकासमोर यायची आणि तिथून परत खाली.

एकदा घाई केली. नारळांनी काय होतंय म्हणून नांगराचा दगड उचलायला गेले आणि कंबर धरली. दोन दिवस अंथरुणात, आणि सासूच्या डोळ्यांत तेच, मी म्हटलं नव्हतं का. नशीब, हाडाला काही झालं नव्हतं. ज्या कोणी हे वाचून उद्या मांगरात जाणार असतील त्यांनी आधी डॉक्टरांकडून फोटो काढून घ्यावा, आणि आजच्यापेक्षा उद्या थोडंसंच जास्त उचलावं. हट्ट करायला ना नाही, घाई करू नका.

नारळ संपले तेव्हा मी ओली वाळू घेतली. मासळीएवढं वजन तिलाच येतं. पण पाटीचा काठ ओला झाला की हातातून सुटायचा. एके दिवशी मांगरात गेले तर माझ्या त्या जुन्या पाटीला दोन्ही बाजूंना जाळ्याच्या दोरीचे कान बांधलेले. गाठी बघून मी ओळखलं. नवऱ्याला विचारलं तेव्हा तो जाळंच विणत बसला होता, मान वर केली नाही.

"धरूक काय तरी व्हया मां," एवढंच म्हणाला.

आईचं सांगणं त्याने पाळलं होतं. पाटीला त्याने हात दिला नव्हता, नुसते कान दिले होते. माझं लग्न कोणाशी झालंय ते मला त्या दिवशी परत कळलं.

दोरीचे कान धरून पाटी नाकाच्या वर गेली. पहिल्यांदा डोक्यावर टेकली तेव्हा मांगरात मी एकटी होते आणि एकटीच हसत होते. मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि तीही हसायला लागली. का हसतोय ते तिला ठाऊक नव्हतं.

नारळी पौर्णिमेच्या आधी परत तपासणी झाली. डॉक्टरांनी फोटो बघितला, माझी पाठ दाबून बघितली, मांड्या बघितल्या आणि या वेळी प्रश्न नवऱ्याला न विचारता मला विचारला, काय करता? मी सांगितलं. त्यांनी फोटो परत उजेडासमोर धरला. मग म्हणाले, उचला, पण दुखलं की त्याच क्षणी खाली. किती झेपतं ते मात्र तुमच्या पाठीलाच कळणार. मी म्हटलं, मला तेवढंच पाहिजे होतं.

किनाऱ्यावर

होड्या परत पाण्यात गेल्यावर पहिली मोठी मासळी आली त्या सकाळी सगळी वाडी किनाऱ्यावर होती. सासूची पाटी, म्हणजे माझीच, भरून वाळूत ठेवलेली. ती डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवून हात द्यायला कोणी रिकामं होतंय का बघत होती. मी गेले आणि तिच्या डोक्यावरची चुंबळ काढून माझ्या डोक्यावर ठेवली.

 रुक्मिणी दोन पावलं मागे सरली. सासू माझ्याकडे बघत होती आणि मी पाटीकडे बघत होते, कारण तिच्याकडे बघितलं असतं तर माझ्याच्याने झालं नसतं.

उकिडवी बसले. पाठ ताठ. या पाटीला दोरीचे कान नव्हते, नुसता काठ, मासळीच्या पाण्याने बुळबुळीत. जमिनीवरून मांडीवर घेतली. तिथे थांबून श्वास घेतला. मांडीवरून छातीवर. मासळीचं पाणी गळून पदरावर आलं. मग छातीवरून वर जाताना पाटी नाकासमोर येऊन थांबली, मांगरात थांबायची तशीच. माझ्या मनात आलं, आता जर ही खाली गेली तर आयुष्यभर खालीच राहील. मला त्या पाटीचा इतका राग आला की मी गुडघ्यांना एक झोका दिला आणि ती डोक्यावर बसली.

मग मी सरळ उभी राहिले. पाठीत काही दुखलं का ते आतून शोधलं. दुखलं नव्हतं.

तेव्हा सासू पुढे आली. मला वाटलं, आता पाटी खाली ओढणार, आणि ओढली असती तर मी भांडणार होते, सगळ्यांच्या देखत. तिने हात वर केले आणि पाटीखाली बोटं घालून चुंबळ हलवली.

"वाकडी बसली हा," ती म्हणाली.

चुंबळ नीट झाली तरी तिने हात काढले नाहीत. दोन्ही तळवे पाटीला खालून लावून ती तशीच उभी राहिली. पाटीला त्यांची गरज नव्हती, वजन सगळं माझ्या मानेवर होतं, हे तिलाही कळत होतं. मग ती रुक्मिणीकडे आणि बाकीच्या बायकांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"हात मिया दिलंय. वाटेत हिका काय झाला, तर माका येऊन इचारा."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण डोक्यावर पाटी होती.

"आये, आता सोड," मी म्हटलं. "मासळेक ऊन लागात."

तिने हात काढले आणि मी चालायला लागले.